धुराड्याच्या आत कोण पाहतो?

विल्यम ब्लेकच्या ‘द चिमनी स्वीपर’ या एकाच नावाच्या दोन कविता तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही अनेक वर्षे शिकवत आलो आहोत. पहिली १७८९ मधल्या ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’मधली, दुसरी १७९४ मधल्या ‘साँग्ज ऑफ एक्स्पीरिअन्स’मधली. परीक्षेतली उत्तरे ठरलेली असतात: निरागसता आणि अनुभव, धर्मसंस्थेवरील टीका, काळ्या-पांढऱ्याची प्रतिमासृष्टी. या उत्तरांत चूक काही नाही. मात्र कवितेतला पोर जे धुराडे झाडतो ते नेमके कसे होते, ते झाडणे इतके निकडीचे का होते, आणि झाडून घेणारा घरमालक काय विचार करीत होता, हे प्रश्न उत्तरपत्रिकेत सहसा येत नाहीत. धुराडे एकदा प्रतीक झाले की त्यातली काजळी दिसेनाशी होते. प्रस्तुत लेखात आम्हांला त्या काजळीविषयीच लिहायचे आहे.

मराठी वाचकाची येथे एक अडचण आहे, ती आधीच सांगितलेली बरी. आपल्या जुन्या घरांत चुलीचा धूर कौलांच्या फटींतून, खिडकीतून, जमेल तसा बाहेर जाई. घराच्या भिंतीतून वर चढणारे धुराडे आपल्या अनुभवात फारसे नाही. धुराडे आपण पाहिले ते आगगाडीचे आणि गिरणीचे. इंग्रजी शब्द आपल्याकडे आला तोही घासलेटच्या दिव्याचे नाव होऊन, आणि ‘चिमणी’ हे नाव घेऊन अंगणातल्या पाखराशेजारी जाऊन बसला. (भाषांतरकाराने या योगायोगाचा मोह आवरावा, असे आमचे मत आहे.) त्यामुळे धुराड्याची रचना थोडी समजावून घेणे प्राप्त आहे.

१६६६ च्या भीषण आगीनंतर लंडन शहर पुन्हा उभे राहिले ते विटांचे आणि दगडाचे. लाकडाच्या जागी दगडी कोळसा अधिकाधिक वापरात आला होता. कोळशाच्या शेगडीला पूर्वीसारखी ऐसपैस वाट लागत नाही. उलट वाट अरुंद असेल तर ओढ चांगली लागते. म्हणून दर खोलीतल्या शेगडीमागून एक चिंचोळी नळी निघे आणि भिंतीच्या पोटातून वळणे घेत छपरापर्यंत जाई. ही नळी सर्वसाधारणपणे १४ इंच लांब आणि ९ इंच रुंद असे. काही ठिकाणी ती जेमतेम ९ इंच चौरस असे. चार मजली घरात अशा अनेक नळ्या एकमेकींच्या शेजारून, कधी आडव्या, कधी तिरक्या गेलेल्या असत. आत काय आहे हे कोणत्याच खिडकीतून दिसत नसे.

धुराडे काम करते ते एका साध्या तत्त्वावर. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि मागून खोलीतली हवा ओढून घेते. जळण अर्धवट जळाले की धुराबरोबर काजळी वर जाते आणि नळीच्या थंड भिंतीला धरते. लाकूड ओले असेल तर काजळीबरोबर डांबरासारखा चिकट थर बसतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. या दोन्ही गोष्टी पेट घेणाऱ्या आहेत. थर जाड झाला आणि खालून एखादी ज्वाळा वरपर्यंत पोहोचली की नळीच आतून पेटते. विटांमधला चुना तडकतो, तडीतून ठिणगी तुळईपर्यंत जाते, आणि घरमालकाला कळते तेव्हा छप्पर पेटलेले असते. म्हणजे झाडून घेणे ही टापटिपीची बाब नव्हती. लंडनकराच्या मनात आगीचे भय होते आणि ते साधार होते. पुढच्या शंभर वर्षांच्या सगळ्या वादात हेच भय क्रौर्याच्या बाजूने साक्षीला उभे राहिले, ही या इतिहासातली खरी अडचण आहे.

नऊ इंचांच्या नळीत मोठा माणूस मावत नाही. म्हणून मूल. गरीब आईबाप किंवा अनाथ मुलांचा भार वाहणारी पॅरिश मुलाला उस्तादाच्या हवाली करी. कोपर आणि गुडघे भिंतीला टेकवून, डोळ्यांवर टोपी ओढून ते वर चढे आणि काजळी खरवडून खाली पाडी. कोपरांची, गुडघ्यांची साल निघे. ती निबर व्हावी म्हणून खारे पाणी चोळीत. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यचिकित्सकाने धुराडी झाडणाऱ्यांच्या अंडकोशावर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले आणि त्याचा संबंध काजळीशी जोडला. एखाद्या व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची वैद्यकशास्त्रातली ही पहिली नोंद मानली जाते. लहानपणी चढलेल्या नळीची किंमत तो पोर मोठेपणी मोजत असे.

याच दशकात जोनस हॅनवे या व्यापाऱ्याने या मुलांची बाजू घेऊन लिहायला आरंभ केला. १७८६ मध्ये तो वारला आणि १७८८ मध्ये पहिला कायदा झाला: आठ वर्षांखालील मूल ठेवू नये, एका उस्तादाकडे सहांपेक्षा अधिक मुले नसावीत. उस्तादांना परवाना सक्तीचा करणारे कलम मात्र उमरावांच्या सभागृहाने गाळून टाकले. कायदा राहिला; तो पाळला जातो की नाही हे पाहणारा कोणी राहिला नाही. ब्लेकची पहिली कविता याच्या पुढच्याच वर्षी आली. तिच्यातला पोर विकला गेला तेव्हा त्याला आपल्या धंद्याची हाळीही धड उच्चारता येत नव्हती. आठ वर्षांच्या मुलाला बोलता येते. ब्लेक हा तपशील केवळ करुणरसासाठी घालतो असे आम्हांला वाटत नाही. कालच संमत झालेल्या कायद्याचा पोकळपणा तो एका अडखळत्या उच्चारात दाखवून देतो. आणखी एक गोष्ट अशी की हा पोर वाचकाला उद्देशून बोलतो. ज्यांची धुराडी तो झाडतो ती वाचकांचीच आहेत. निरागसतेच्या गाण्यातले हे एक सर्वनाम घरमालकाला गुन्ह्याच्या जागी नेऊन उभे करते. टीकाकारांनी देवदूतावर जितकी पाने खर्ची घातली, त्याच्या निम्मी तरी या सर्वनामावर घालायला हवी होती.

पर्याय नव्हता, असेही नाही. १८०३ मध्ये चढणाऱ्या मुलांची गरजच संपवावी या हेतूने लंडनमध्ये एक संस्था निघाली, आणि जॉर्ज स्मार्ट याने पोकळ दांडे एकात एक बसवून वर ढकलायचा ब्रश तयार केला. १८२८ मध्ये जोझेफ ग्लासने वेताच्या लवचीक काठ्यांचा ब्रश आणला; आजचे हातब्रश त्याच घराण्यातले आहेत. १८१७ मध्ये संसदेच्या समितीने साक्षी घेतल्या, आणि या चौकशांतून बहुतेक धुराडी यंत्राने साफ होतात, उरलेल्यांत थोडा फेरबदल केला की भागते, हे पुढे आले. तरी उमरावांच्या सभागृहात विधेयक पडले. मोठ्या घरांच्या मालकांना गालिच्यावर काजळी नको होती, वळणावर काजळी काढायची झडप बसवण्यासाठी भिंत फोडणे नको होते, आणि आगीची जोखीम तर नकोच होती. पोर पाठवले की तिन्ही गोष्टी टळत.

साहित्यिकांची कामगिरी संमिश्र आहे. चार्ल्स लॅमचा १८२२ मधला या मुलांवरचा निबंध आमच्या पिढीने रसाळ निबंधाचा नमुना म्हणून वाचला. तो आहेच रसाळ. पण पहाटेच्या धुक्यातली ती काळी पोरे पाहून लॅमचे मन जे द्रवते, ते वर्षातून एक मेजवानी झाली की तृप्त होते. गंमत अशी की १८२४ मध्ये जेम्स माँटगमरीने या मुलांच्या कैवारासाठी लेखांचा व कवितांचा संग्रह काढला, तेव्हा ब्लेकची कविता त्याच्याकडे पाठवली ती लॅमनेच. पाठवताना टॉम डॅकरचे नाव बदलून त्याने टॉम टॉडी केले. डिकन्स ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये अधिक रोखठोक आहे: ओल्या पेंढ्याच्या नुसत्या धुराने काही होत नाही, खाली चांगला जाळ पेटवावा म्हणजे पोर लवकर उतरते, असे त्याचा गॅमफील्ड शांतपणे सांगतो. आणि १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘द वॉटर-बेबीज’मध्ये किंग्जलीचा टॉम मोठ्या हवेलीच्या धुराड्यांत वाट चुकतो. पिढ्यान्‌पिढ्या फेरफार झालेल्या त्या नळ्या कोठून कोठे जातात हे मालकाला ठाऊक नाही, नोकरांना नाही, उस्तादालाही नाही. टॉम चुकीच्या शेगडीतून भलत्याच खोलीत उतरतो आणि पुढची परीकथा सुरू होते. परीकथेपेक्षा आम्हांला हा चुकलेला नकाशा महत्त्वाचा वाटतो.

१८३४, १८४०, १८६४ असे कायद्यामागून कायदे झाले. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील व्यक्तीला धुराड्यात चढवणे बेकायदा ठरवले आणि धुराडे कसे बांधावे याचेही नियम घातले. पोरे चढतच राहिली. १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबर्न येथील मनोरुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा ११ वर्षांचा मुलगा अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले. तो थोड्याच वेळात मरण पावला. त्याच्या उस्तादाला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा महिने सक्तमजुरी झाली. घर खाजगी नव्हते, अज्ञानी माणसाचे नव्हते. डॉक्टरांनी चालवलेली ती सार्वजनिक संस्था होती. लॉर्ड शाफ्ट्सबरीने त्याच वर्षी जो कायदा संमत करून घेतला, त्यात १७८८ मध्ये गाळलेले कलम परत आले: दर उस्तादाने दरसाल पोलिसांकडून परवाना घ्यावा, आणि आधीच्या कायद्यांची अंमलबजावणी हे पोलिसांचे कर्तव्य राहील. ८७ वर्षांत करुणेत फार भर पडली असे नाही. कोणी पाहायचे आणि कोणी जबाब द्यायचा, हे प्रथमच ठरले. हाताने मैला उपसण्याविरुद्ध आपल्याकडे १९९३ व २०१३ असे दोन कायदे झाल्यानंतरही गटारांत जे मृत्यू होत राहिले, त्यांच्या बातम्या वाचताना हा क्रम आम्हांला आठवतो.

परवान्याचा दुसरा परिणाम कमी सांगितला जातो. चढणारे शरीर गेले आणि त्या जागी जाणकार माणूस आला. झाडणे आणि तपासणे ही कामे आता वेगळी दिसू लागली. ती वेगळी का, याचे उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्यांना लांब शोधावे लागत नाही.

२८ सप्टेंबर १९०२ रोजी एमिल झोला आणि त्याची पत्नी अलेक्सांद्रीन मेदाँच्या घरून पॅरिसला परतले. हवा गारठलेली होती, म्हणून शयनगृहातली शेगडी पेटवलेली. रात्री दोघांनाही अस्वस्थ वाटू लागले. नोकरांना उठवण्याइतके काही नाही असे झोला म्हणाला, खिडकीकडे जायला उठला आणि कोसळला. सकाळी दार उघडले तेव्हा तो गेलेला होता, अलेक्सांद्रीन वाचली. कारण होते कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. धुराड्याची वाट तुंबली की तो खोलीतच साठतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. चौकशीत त्याच खोलीत पुन्हा शेगडी पेटवून गिनीपिग ठेवले. ते सकाळी जिवंत होते. अपघाती मृत्यू असा निष्कर्ष निघाला. द्रेफ्यूस प्रकरणात झोलाने घेतलेली बाजू आणि त्यामुळे त्याला आलेल्या धमक्या लक्षात घेता अनेकांना तो पटला नाही. पुढे १९५३ मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्रात असा दावा प्रसिद्ध झाला की, शेजारच्या छपरावर काम करणाऱ्या एका धुराडेदुरुस्ती करणाऱ्याने मरण्यापूर्वी, १९२७ मध्ये, कबुली दिली होती: धुराडे आपण रात्री मुद्दाम बंद केले आणि सकाळी मोकळे केले. हे सिद्ध झालेले नाही आणि आता होणेही कठीण.

खून की अपघात हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. झोलाची नळी काजळीने भरली आहे की नाही, एवढेच पाहून भागणारे नव्हते. काजळीखेरीज पक्ष्याचे घरटे, निखळलेली वीट, तडकलेला चुना, बंद राहिलेली झडप, यांपैकी काहीही वाट अडवू शकते, आणि खोलीत बसलेल्याला ते दिसत नाही. म्हणून आजचा प्रशिक्षित माणूस ब्रश फिरवून थांबत नाही. तो धुराची चाचणी घेतो: नळीत धूर सोडून तो वरून पुरता बाहेर पडतो का, की मधल्या एखाद्या खोलीत झिरपतो, हे पाहतो. शंका आली तर कॅमेरा आत सोडतो. लाकूड वा कोळसा जाळणाऱ्या घरात हे वर्षातून निदान एकदा, शक्यतो थंडीच्या आधी व्हावे, हा रूढ सल्ला आहे. वापर अधिक असेल तर अधिक वेळा.

व्यवस्था देशोदेशी निराळी आहे. इंग्लंडमध्ये धुराडे झाडणाऱ्यांविषयीचे जुने कायदे १९३८ मध्ये रद्द झाले. आज तेथे धुराडे झाडायला सरकारी परवाना लागत नाही, प्रशिक्षण व प्रमाणपत्रे व्यावसायिक संघटना देतात, आणि माणूस पारखून घेण्याचे काम पुन्हा घरमालकावर आले आहे. भाड्याच्या घरांत घन इंधनाची शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र मात्र २०१५ पासून सक्तीचे आहे. जर्मनीत ठरावीक इलाख्याचा ठरावीक झाडणारा ही मक्तेदारी २०१३ पासून सैल झाली. झाडण्यासाठी घरमालक आता माणूस निवडू शकतो, परंतु तपासणी इलाख्याच्या अधिकृत झाडणाऱ्याकडेच आहे आणि ती सात वर्षांत दोनदा होते. तो घराच्या सर्व शेगड्यांची आणि नळ्यांची नोंद ठेवतो. किंग्जलीच्या हवेलीत नव्हता तो नकाशा त्या नोंदवहीत असतो.