वितरित नोंद झालेले परंतु न मिळालेले पार्सल

वितरित नोंद झालेले परंतु न मिळालेले पार्सल म्हणजे टपाल खाते, कुरिअर किंवा ई-वाणिज्य कंपनीच्या संगणकीय नोंदीत ज्याचे वितरण पूर्ण झाल्याचे दिसते, परंतु जे प्रत्यक्षात पत्त्यावरील व्यक्तीच्या हाती पडलेले नसते असे पार्सल. टपाल खात्याच्या परिभाषेत वितरणाला ‘बटवडा’ म्हणतात. हरवलेल्या किंवा उशिरा येणाऱ्या पार्सलपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. येथे वाहतूकदाराची नोंदच ग्राहकाच्या म्हणण्याच्या विरोधात उभी राहते आणि वस्तू मिळाली नाही हे ग्राहकाला सिद्ध करणे अवघड जाते. भारतात अशा तक्रारींवर प्रामुख्याने ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ हे कायदे लागू होतात.

कारणे

अशी नोंद होण्यामागे प्रत्येक वेळी चोरी असतेच असे नाही. पार्सल शेजारी, दुकानदार किंवा इमारतीच्या पहारेकऱ्याकडे दिलेले असणे, सारख्या नावाच्या घरी जाणे, एकाच मागणीतील वस्तू वेगवेगळ्या पेट्यांतून येणे आणि त्यांपैकी एकच पेटी पोचणे, तसेच दिवसभराचे काम पूर्ण दाखवण्यासाठी वितरणापूर्वीच नोंद केली जाणे ही काही कारणे होत. शेवटच्या प्रकारात पार्सल एक-दोन दिवसांत मिळू शकते. वाटेत पेटी उघडून वस्तू काढून घेणे किंवा दारात ठेवलेले पार्सल उचलून नेणे हे फौजदारी स्वरूपाचे प्रकार आहेत.

रायगड किनारपट्टीवरील स्थिती

उरण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या तालुक्यांच्या किनारी भागात वस्ती वाड्या, आळ्या आणि पाखाड्यांमध्ये विखुरलेली आहे. अनेक घरांना क्रमांक नसतो आणि पत्ता देऊळ, विहीर किंवा शाळेच्या खुणेवरून सांगितला जातो. एकाच नावाची गावे ही आणखी एक अडचण आहे. नागाव हे गाव अलिबाग तालुक्यात आहे तसेच उरण तालुक्यातही आहे. मुरुड नावाचे गाव रायगडप्रमाणेच रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात व लातूर जिल्ह्यातही आहे. त्यामुळे येथे पिन कोडला विशेष महत्त्व येते. अलिबागचा पिन कोड ४०२२०१, मुरुडचा ४०२४०१ आणि श्रीवर्धनचा ४०२११० आहे. उरण याच जिल्ह्यात असूनही त्याचा पिन कोड मात्र ४००७०२ म्हणजे मुंबईच्या मालिकेतील आहे. पिन कोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिची आखणी टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली होती.

अलिबाग परिसरात मुंबईकरांची सुट्टीपुरती वापरली जाणारी घरेही बरीच आहेत. आठवड्यातील इतर दिवशी अशी घरे बंद असल्याने पार्सल माळी, राखणदार किंवा शेजाऱ्यांकडे दिले जाते आणि नोंद मात्र मालकाच्या नावाने होते. खुणेवर आधारित पत्त्यांची अडचण कमी करण्यासाठी टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन ही पद्धत आणली. तिच्यात सुमारे ४ मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीला १० अक्षरांचा स्वतंत्र संकेत मिळतो. तो पिन कोडची जागा घेत नाही, त्याला पूरक ठरतो.

प्राथमिक तपास

पहिल्या टप्प्यात मागोवा क्रमांकावरील नोंद तपासली जाते. वितरणाची तारीख व वेळ, घेणाऱ्याचे नाव, वितरणाचे गाव आणि छायाचित्र असल्यास ते पाहिले जाते. ही नोंद पुढे बदलू शकते, म्हणून तिचे पडद्यावरील चित्र त्याच दिवशी जतन करणे उपयुक्त ठरते. त्यानंतर घरातील माणसे, शेजारी आणि नेहमी पार्सल ठेवले जाणारे दुकान येथे चौकशी केली जाते. ग्रामीण भागात पोस्टमन किंवा ग्रामीण डाकसेवक व्यक्तिशः ओळखीचा असल्याने शाखा डाकघरातील चौकशीतून बराच उलगडा होऊ शकतो.

वितरणाच्या वेळी ओटीपी दिला गेला होता का, हा कळीचा प्रश्न असतो. ओटीपी दिलेला असल्यास वाहतूकदाराची बाजू बळकट होते. त्यामुळे पार्सल हातात येण्यापूर्वी दूरध्वनीवरून ओटीपी सांगणे धोक्याचे असते. रोखीने पैसे देण्याच्या मागणीत ग्राहकाने पैसेच दिले नसतील, तर त्याचे आर्थिक नुकसान होत नाही. परंतु ते पार्सल दुसऱ्या कोणी पैसे भरून घेतले असण्याची शक्यता असल्याने कंपनीला कळवणे आवश्यक ठरते.

विक्रेत्याकडे तक्रार

वस्तू विकत घेतलेली असल्यास ग्राहकाचा व्यवहार विक्रेत्याशी असतो. कुरिअरची निवड सहसा विक्रेता किंवा ई-वाणिज्य मंच करतो, त्यामुळे पहिली लेखी तक्रार त्यांच्याकडेच केली जाते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार प्रत्येक ई-वाणिज्य संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करावे, अशी तरतूद आहे.

तक्रारीत मागणी क्रमांक, मागोवा क्रमांक, रक्कम आणि परतावा की नवी वस्तू हवी हे नमूद केले जाते. त्याबरोबरच वितरणाचा पुरावा, म्हणजे स्वाक्षरी, ओटीपीची नोंद, छायाचित्र आणि वितरणस्थळाचे अक्षांश-रेखांश, मागितला जातो. वस्तू मिळाली नाही याचा थेट पुरावा ग्राहकाकडे असू शकत नाही. वितरण कोणाला व कोठे झाले याची माहिती मात्र वाहतूकदाराकडे असते. म्हणून ही लेखी मागणी पुढील कारवाईत महत्त्वाची ठरते. कार्डाने पैसे भरले असल्यास वस्तू न मिळाल्याच्या कारणावरून बँकेकडे त्या व्यवहारावर हरकत नोंदवता येते.

टपाल खात्याचे दायित्व

टपालाने आलेल्या पार्सलची तक्रार वितरण करणाऱ्या डाकघरात, खात्याच्या संकेतस्थळावर किंवा १८००२६६६८६८ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. रायगड टपाल विभागाचे मुख्यालय अलिबाग येथे आहे.

टपाल खात्याकडून भरपाई मिळण्यास कायद्याची मर्यादा आहे. भारतीय टपाल कार्यालय अधिनियम, १८९८ च्या कलम ६ ने टपाल हरवणे, चुकीच्या ठिकाणी जाणे किंवा उशीर होणे यांच्या दायित्वातून शासनाला सूट दिली होती. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ च्या कलम १० मध्येही हेच तत्त्व कायम आहे. नियमांनी विहित केलेल्या दायित्वापलीकडे खाते जबाबदार नसते आणि कर्मचाऱ्याने कपटाने किंवा हेतुपुरस्सर नुकसान केले असल्यासच तो व्यक्तिशः जबाबदार ठरतो. त्यामुळे मौल्यवान वस्तू विमा उतरवून पाठवणे हाच पाठवणाऱ्यापुढील सुरक्षित मार्ग आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर टपाल सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. स्पीड पोस्टसाठी ओटीपीवर आधारित वितरणाची जादा सुविधाही उपलब्ध झाली आहे.

खासगी कुरिअर

कुरिअरच्या पावतीवर दायित्व मर्यादित करणारी अट छापलेली असते. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल वर्ल्डवाइड एक्सप्रेस कुरिअर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्वाक्षरी केलेल्या पावतीवरील अशी अट पाठवणाऱ्यावर बंधनकारक मानली आणि भरपाई १०० अमेरिकी डॉलरपुरती मर्यादित राहिली. हा निर्णय कुरिअरशी स्वतः करार करणाऱ्या पाठवणाऱ्याविषयी आहे. विक्रेत्याकडून वस्तू घेणारा ग्राहक त्या पावतीवर स्वाक्षरी करत नाही.

ग्राहक आयोग

कंपनीकडून निवारण न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ही व्यवस्था तडजोड घडवून आणते, निकाल देत नाही. बंधनकारक आदेशासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागते. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबाग येथे आहे.

२०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. १९८६ च्या कायद्यात ही मुभा नव्हती. त्यामुळे कंपनीचे कार्यालय बंगळूर किंवा गुरुग्रामला असले तरी श्रीवर्धनच्या ग्राहकाला तेथे जावे लागत नाही. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील नेमणे सक्तीचे नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार दाखल करता येते. दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीचीही कायद्यात तरतूद आहे. आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

फौजदारी कारवाई

चोरी किंवा अपहाराचा संशय असल्यास पोलीस ठाण्यात तक्रार दिली जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये वाहतूकदाराने सोपवलेल्या मालाचा अपहार केल्यास ७ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पार्सल शोधून देण्याच्या बहाण्याने लिंक पाठवून पैसे उकळण्याचे प्रकारही होतात. त्यांची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर करता येते.

इतर देशांतील कायदे

युनायटेड किंग्डममधील ग्राहक हक्क कायदा, २०१५ च्या कलम २९ नुसार वस्तू ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत तिची जोखीम विक्रेत्याकडेच राहते. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशातही तसेच तत्त्व आहे. भारतात मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३९ नुसार खरेदीदाराकडे पोचवण्यासाठी वाहतूकदाराकडे माल सोपवणे हे प्रथमदर्शनी खरेदीदाराला केलेले वितरण मानले जाते. हे गृहीतक खंडनीय असले तरी घरपोच वितरणाच्या व्यवहारात भारतीय ग्राहकाला ‘सेवेतील त्रुटी’ या ग्राहक कायद्यातील संकल्पनेचा आधार घ्यावा लागतो.