नाताळात चेन्नईची मनोरंजन उद्याने : मुक्काम तांबरमला की किनाऱ्यालगत?

तांबरम : नाताळच्या सुटीत चेन्नईची मनोरंजन उद्याने पाहू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी खोलीचे भाडे विचारण्यापूर्वी कोणते उद्यान पाहायचे, हे ठरवणे हिताचे आहे. ही उद्याने एकमेकांपासून दूर असून उपनगरी रेल्वेमार्गावर नाहीत.

इंजमबाक्कमचे व्हीजीपी युनिव्हर्सल किंगडम आणि मुट्टुकाडूचे एमजीएम डिझी वर्ल्ड ईस्ट कोस्ट रोडवर आहेत. केवळ हीच पाहायची असल्यास किनाऱ्यालगतचा मुक्काम मुलांची दगदग वाचवतो. डिसेंबर 2025 मध्ये खुले झालेले वंडरला तिरुपोरूरजवळ आहे. तांबरमहून तेथे वंडलूर-केळंबाक्कम रस्त्याने जाता येते.

तांबरमची जमेची बाजू म्हणजे रेल्वे. चेन्नई सेंट्रलला उतरणाऱ्या प्रवाशांना समोरच्या पार्क स्थानकातून थेट लोकल मिळते. विमानतळासमोरचे त्रिशूलम स्थानकही याच मार्गावर आहे. वंडलूरचे प्राणिसंग्रहालयही येथून जवळ आहे.

मात्र, ईशान्य मोसमी पावसाचा जोर डिसेंबरमध्येही असू शकतो. डिसेंबर 2015 च्या प्रारंभी तांबरममध्ये 24 तासांत सुमारे 49 सेंटीमीटर पाऊस झाला आणि लगतचे मुडिचूर पाण्याखाली गेले. त्यामुळे स्वस्त असले तरी सखल वस्तीतील तळमजल्याचे घर टाळावे आणि आरक्षण रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्यावी.

हॉटेलच्या दरांची तुलना करसहित करावी. प्रतिदिन 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के, तर त्यावरील खोलीवर 18 टक्के जीएसटी लागू आहे.