कापसाचा आकडा आणि सरकारी सोडत

चांदूर रेल्वेसारख्या स्थानकांवरून वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाई, हे आपण वाचलेले असते. कापसाच्या भावावर चालणारा जुगार मात्र क्वचितच आठवतो. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते व बंद भाव मुंबईस कळत आणि त्यांतील आकड्यांवर पैसे लागत. १९६१च्या सुमारास ही पद्धत बंद झाली, जुगार नव्हे. आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून निघू लागल्या. तोच मटका!

केरळने १९६७मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली: तिकीट एक रुपया, पहिले बक्षीस ५०,०००. महाराष्ट्र १९६९मध्ये त्याच वाटेने गेला. लोकांना मटक्यापासून वळवणे, हे त्यामागचे एक समर्थन होते. १८८७च्या कायद्याने जुगारास शिक्षा देणारे शासन स्वतःच तिकिटे विकू लागले. मटका पुढेही दोन-तीन दशके फोफावतच राहिला.