क्वार्टर पॅनेल आणि एक जुनं कर्जप्रकरण



गेल्या महिन्यात नातू निपाणीहून बेळगावला येत होता. तवंदी घाटात मागून आलेल्या ट्रकनं डाव्या बाजूला ठोकर दिली. देवाच्या कृपेनं त्याला काही झालं नाही. पण गॅरेजवाला म्हणाला, "मागचं क्वार्टर पॅनेल कापून नवं वेल्ड करावं लागेल." घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. सूनबाईंनी विचारलं, "बाबा, कापलेली गाडी परत पहिल्यासारखी होते का हो?" उत्तर द्यायला मला बरंच मागं जावं लागलं.

क्वार्टर पॅनेल म्हणजे मागच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंतचा, चाकावरचा पत्रा. बॉनेट, दारं, पुढचा मडगार्ड हे बोल्टवर असतात. पाना लावला की निघतात. पण क्वार्टर पॅनेल, छत, दाराचे खांब आणि दाराखालची पट्टी हे सगळं कारखान्यात वेल्ड करून एकजीव केलेलं असतं. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांत दाबून वीज सोडली की तेवढाच ठिपका वितळून जोडला जातो. असे काही हजार ठिपके मिळून गाडी उभी राहते.

आमच्या तरुणपणी रस्त्यावर दिसायच्या त्या अँबॅसिडर आणि फियाट. फियाट वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची, मुंबईत कुर्ल्याला बनायची. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो खरे, पण आमच्या गॅरेजवाल्यांचे डोळे पार्टसाठी कोल्हापूर-मुंबईकडंच लागलेले. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबायचे दिवस ते, तिथं आख्खं पॅनेल कोण आणून देणार? मग टिनकर पत्रा ठोकून ठोकून सरळ करायचा, सडलेला भाग कापून तुकडा गॅसनं जोडायचा, वरून लांबी भरायची, घासायची आणि रंग मारायचा. हातात कला होती, त्यात वादच नाही. पत्रा जाड होता, गाड्या हळू चालायच्या, म्हणून ते खपूनही गेलं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. पत्रा पातळ, गाडी हलकी आणि पळायला चपळ. "हिला चॅसीच नाही, नुसता डबा आहे," असं लोक म्हणायचे. खरं तर अँबॅसिडर आणि फियाटलाही जीपसारखी वेगळी चॅसी नव्हतीच. बॉडी हाच सांगाडा. पण हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि टिनकरांनी जुनीच पद्धत नव्या पत्र्यावर चालवली.

त्याची किंमत मी पाहिली. १९९० च्या आसपास मी निपाणीला होतो. एका ओळखीच्या तरुणानं जुनी मारुती घ्यायला कर्ज मागितलं. मी इंजिन नंबर बघितला, चॅसी नंबर बघितला, टॅक्स, विमा, आरसी बुकावर बँकेची नोंद, सगळं चोख. गाडी आरशासारखी चमकत होती. कर्ज मंजूर केलं.

चार-पाच महिन्यांनी कणगल्याजवळ गाडी घसरली आणि मागच्या अंगानं झाडावर आदळली. वेग फार नव्हता. पण क्वार्टर पॅनेल शिवण उसवावी तसं उघडलं. लांबीच्या थराखाली गॅसनं जोडलेला जुना सांधा होता, आतून गंजून गेलेला. मागं बसलेल्या त्याच्या आईचा पाय मोडला. त्या पुढं काठीशिवाय चालल्या नाहीत. त्या मुलानं शेवटचा हप्तासुद्धा वेळेवर भरला आणि मला एका शब्दानं बोलला नाही. तेच मला आजपर्यंत लागून राहिलंय.

नंतर खानापूर रोडवरच्या एका वयस्क टिनकरांनी मला ते उलगडून सांगितलं. गॅसची आंच लांबवर पसरते. पातळ पत्रा वाकतो आणि आतला गंजरोधक थर जळतो. मग आपल्या बेळगावचा पाऊस बाकीचं काम करतो. बाहेरून काही कळत नाही.

धक्का सोसणं हे बॉडीचंच काम, ही कल्पना जुनी आहे. मर्सिडीजच्या बेला बारेनी या इंजिनिअरनं १९५१-५२ साली त्याचं पेटंट घेतलं. गाडीचं पुढचं-मागचं अंग चेपावं आणि मधली माणसं बसायची जागा शाबूत राहावी, हा त्याचा विचार. आपल्याकडं भारत एनकॅपच्या चाचण्या २०२३ मध्ये सुरू झाल्या. पण चाचणीला जाते ती कारखान्यातली गाडी. टिनकरनं जोडलेल्या गाडीची चाचणी रस्त्यावरच होते.

या वेळी मी गॅरेजमध्ये स्टूल घेऊनच बसलो. आधी बॅटरीची तार काढली. रंग खरवडून वेल्डचे ठिपके शोधले आणि खास ड्रिलनं वरचाच पत्रा कातरला, आतल्याला धक्का नाही. नवं पॅनेल आधी चिमट्यांनी नुसतं अडकवलं. दाराच्या आणि डिकीच्या फटी सारख्या येईपर्यंत ते तीनदा हलवलं. सांध्याच्या कडांना जस्ताचा प्रायमर लावला. मग वेल्डिंग, तेही एका ओळीत नाही, तर एक ठिपका इथं आणि पुढचा तिथं, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. शेवटी सांध्यांना सीलर आणि आतल्या पोकळीत गंजरोधक मेणाचा फवारा.

आता पैशाची गोष्ट. विमा कंपनी पत्र्याच्या पार्टवर घसारा कापते. गाडी पाच वर्षांपुढची असेल तर ४० टक्के आणि दहा वर्षांपुढं ५० टक्के. घसारा माफीची जादा पॉलिसी नसेल तर तेवढा भार आपल्यावर. म्हणून माणूस म्हणतो, "जाऊ दे, ठोकून सरळ करा." कुठंतरी एखादी पोच ठोकून निघत असेल तर जरूर काढावी. पण पत्रा चुरगळला असेल, सांध्यातून फाटला असेल, तर तिथं वाचवलेला पैसा मागच्या सीटवरच्या माणसाच्या नावावर कर्ज म्हणून चढतो.

सूनबाईंना मी सांगितलं, होते. नीट कापली आणि नीट जोडली तर गाडी चांगली होते. झाकली तर नाही.

लांबी आणि रंग चढायच्या आधी प्रत्येक सांध्याचे फोटो काढून घेतले. बिलं लावली, फाइल केली. बँकेतली सवय, दुसरं काय. उद्या ही गाडी विकायची झाली तर ती फाइल गाडीबरोबर जाईल. घेणारा विचारो अथवा न विचारो.