सिझेरियन शस्त्रक्रिया, हृद्रुग्ण गर्भवतीची

हृदयविकार असलेल्या गर्भवतीच्या सिझेरियनसाठी प्रसूतितज्ज्ञ, हृद्रोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व नवजात शिशुतज्ज्ञ यांनी मिळून करावयाची पूर्वतयारी. भारतात अशा स्त्रियांमध्ये लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप अरुंद झालेल्यांचे प्रमाण मोठे असल्याने या नोंदीत मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

शरीरातील बदल : गरोदरपणात रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते व ठोकेही वाढतात. निरोगी मायट्रल झडपेचे तोंड ४ ते ६ चौ. सेंमी. असते, ते १·५ चौ. सेंमी. वा त्याहून कमी असल्यास आकुंचन तीव्र समजतात. ठोके जलद पडू लागले की अरुंद तोंडातून रक्त पुढे सरकायला वेळ पुरत नाही, ते फुप्फुसांत तुंबते आणि दम लागतो. बाळ बाहेर येताच गर्भाशय आवळते, त्यातील रक्त एकदम अभिसरणात परत येते. त्यामुळे घरची मंडळी ‘मोकळी झाली’ म्हणून पेढे आणायला धावतात, तेव्हाच खरा धोका सुरू झालेला असतो. तो पुढे दोन-तीन दिवस टिकतो व अतिदक्षता विभागातील खाट त्यासाठीच आधी राखून ठेवावी लागते.

सिझेरियन केव्हा : हृदयविकार म्हटला की सिझर, हा समज रूढ असला तरी बहुतेकींना योनिमार्गे प्रसूतीच श्रेयस्कर मानतात. हृदयाच्या कारणाने सिझेरियन ठरते ते तीव्र हृदयनिष्फलता, महारोहिणीचा धोकादायक फुगवटा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना कळा लागणे अशा प्रसंगी. फुप्फुसातील उच्च रक्तदाबाबाबत एकमत नाही.

रक्त पातळ करणारी औषधे : धातूची झडप बसविलेल्या स्त्रीची तयारी सर्वांत गुंतागुंतीची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची अशी झडप १९९० मध्ये प्रथम बसविली गेली. आयातीच्या मानाने ती स्वस्त असल्याने अनेक गरीब रुग्णांना मिळाली. अशा झडपेबरोबर वॉरफरिन वा असिनोकुमॅरॉल जन्मभर घ्यावे लागते. ही औषधे वारेतून गर्भात जातात. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्यांनी गर्भात व्यंग संभवते. पुढेही बाळाचे रक्त आईपेक्षाही अधिक पातळ राहते, आणि कळांच्या दाबाने त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गोळ्या थांबवून हेपॅरिनवर आणतात. कमी रेणुभाराच्या हेपॅरिनची पूर्ण मात्रा चालू असल्यास शेवटच्या इंजेक्शननंतर २४ तास गेल्याखेरीज मणक्यात सुई घालत नाहीत. साधे हेपॅरिन शिरेतून चालू असल्यास ४ ते ६ तास आधी बंद करतात. गोळी स्वतःहून बंद करणे सर्वांत घातक : झडपेवर गुठळी धरते.

भूल : तीव्र आकुंचनात मणक्यातील पूर्ण मात्रेची एकदम भूल टाळतात, कारण रक्तदाब झपाट्याने उतरतो. एपिड्यूरल नळीतून थोडे थोडे औषध देत भूल चढवितात. दाब उतरलाच तर ठोके न वाढविणारे फेनिलेफ्रिन सोयीचे. शस्त्रक्रियेचे टेबल डावीकडे किंचित कलते ठेवतात. बाळ झाल्यावर गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन एकदम न टोचता सावकाश ठिबकवतात. त्याच कामाचे दुसरे औषध, मेथर्जिन, टाळतात. ‘मेथर्जिन नको’ हे केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहावे. प्रसूतिकक्षात ते सवयीने भरून ठेवलेले असते. सलाइनचा हिशेब मिलिलिटरपर्यंत ठेवणे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे, पण त्याकडे नेहमीच दुर्लक्ष होते.

आधीचे उपचार : औषधांनी दम आटोक्यात न आल्यास, साधारणतः विसाव्या आठवड्यानंतर, फुग्याने झडप रुंद करतात. ही पद्धत जपानचे कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. ऱ्हुमॅटिक ताप उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी दिली जाणारी पेनिसिलिनची इंजेक्शने गरोदरपणात चालू ठेवतात.

नोंदणी : महिन्याच्या ९ तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातील (२०१६) तपासणीत दम वा हृदयाचा अस्वाभाविक आवाज आढळल्यास टूडी इको करून मोठ्या रुग्णालयात पाठवितात. ही पाठवणी सातव्या महिन्यापूर्वी व्हावी.

जन्मजात विकार : आईला असल्यास गर्भाचा इको १८ ते २२ आठवड्यांत.

मानसिक तयारी : समुपदेशन उपयुक्त.