जॅक्सनसरांची तक्रार

गेल्या शनिवारी माळा आवरला. (घरच्यांच्या भाषेत, 'एकदाचा'.) त्यात शाळेच्या क्रिकेट टीमचा फोटो सापडला. मी आहे त्यात, अगदी कडेला, बारावा गडी म्हणून पाण्याची बाटली धरून! पण या वेळी लक्ष गेलं ते मागच्या पायऱ्यांवर. तिथे मुलींची खो-खोची टीम बसलीय. आमचा सराव कधी संपतो आणि मैदान कधी रिकामं होतं याची वाट बघत. हे रोजचंच होतं. आम्हाला सामन्याला जायला टेम्पो, त्या आपल्या एसटीने. आणि खरं सांगतो, यात काही वावगं आहे असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही.

फोटो बघून आठवले ते रॉडरिक जॅक्सन. तुम्ही नाव ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. मध्ये अमेरिकन कोर्टाचे निकाल वाचायचा नाद लागला होता (एकेकाला काय नाद असतील सांगता येत नाही), त्यात हे गृहस्थ भेटले.

अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम शहर, तिथलं एन्स्ली हायस्कूल. ऑगस्ट १९९९ मध्ये जॅक्सनसर बदली होऊन तिथे आले. शिकवायचं आणि मुलींच्या बास्केटबॉल टीमचं कोचिंग करायचं. आल्यावर त्यांना दिसलं ते असं : मुलांचा सराव नव्या, पूर्ण मापाच्या जिममध्ये. मुलींचा जुन्या जिममध्ये, जिथे हीटर नाही आणि बास्केटच्या रिंगा वाकलेल्या. बाहेरगावी सामना असला की मुलींनी कुणाच्या तरी गाडीत दाटीवाटीने बसून जायचं. तिकीटविक्रीतला, खाण्याच्या स्टॉलच्या कमाईतला वाटाही मुलींच्या टीमला नाही.

सरांनी डिसेंबर २००० पासून वरिष्ठांकडे तक्रारी सुरू केल्या. पुढे काय झालं असेल हे नोकरी करणाऱ्या कुणालाही सांगायची गरज नाही. आधी कामाचे शेरे खराब यायला लागले आणि मे २००१ मध्ये कोचपद गेलं. शिक्षकाची नोकरी शाबूत, पण कोचिंगचे वरचे पैसे बंद.

आता जरा मागे जाऊ. २३ जून १९७२ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका शिक्षणविषयक कायद्यावर सही केली. त्यातलं नववं प्रकरण म्हणजे प्रसिद्ध 'टायटल नाइन'. मुख्य वाक्य इंग्रजीत फक्त ३७ शब्दांचं : केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष म्हणून भेदभाव करायचा नाही. गंमत म्हणजे त्यात खेळाचा उल्लेखच नाही! पण ते लागू होणार हे कळल्यावर कॉलेज फुटबॉलवाल्यांचे धाबे दणाणले. १९७४ मध्ये सिनेटर टॉवर यांनी पैसे कमावणारे खेळ यातून वगळायचा प्रयत्न केला, तो फसला. १९७५ मध्ये नियम आले आणि हायस्कुलांना ते पाळायला तीन वर्षांची मुदत मिळाली.

या नियमांत एक मेख आहे. दोन्ही टीमवर एकूण खर्च सारखा हवा असं ते म्हणतच नाहीत. फुटबॉलला हेल्मेट, पॅडिंग लागतं, मुलींच्या टेनिसला लागत नाही, मग आकडे जुळणार कसे? त्याऐवजी बघायचं काय, तर साहित्य, सरावाच्या वेळा, प्रवास, कोच, कपडे बदलायच्या खोल्या, दुखापतीवरचे उपचार, प्रसिद्धी वगैरे. मात्र मुलींच्या टीमला आवश्यक तेवढा पैसाच दिला नाही, तर तेही मोजलं जाईल. म्हणजे आमच्यासारख्या एक्सेलवाल्यांची पंचाईत. दोन रकान्यांची वजाबाकी करून निकाल लागत नाही, जिममध्ये जाऊन रिंग वाकडी आहे का ते बघावं लागतं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

तक्रारीची वाटही नियमांतच आहे. प्रत्येक संस्थेने यासाठी एक जबाबदार माणूस नेमायचा आणि तक्रारीची पद्धत ठरवायची. नाहीतर सरकारच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांत अर्ज. १९७९ पासून थेट कोर्टातही जाता येतं. पण तक्रार केली म्हणून तक्रार करणाऱ्यालाच हाकललं तर? त्याबद्दल त्या ३७ शब्दांत अवाक्षर नाही.

नेमकं यावरच खालच्या दोन्ही कोर्टांनी जॅक्सनसरांना परत पाठवलं. कायद्यात सूडाचा उल्लेख नाही आणि तुम्ही स्वतः भेदभावाचे बळीही नाही. मुली आहेत, तुम्ही नव्हे.

२९ मार्च २००५ला सुप्रीम कोर्टाने हे फिरवलं. पाच विरुद्ध चार! निकाल सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिला. भेदभावाची तक्रार केली म्हणून त्रास देणं हाही भेदभावच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आधार घेतला १९६९च्या एका खटल्याचा : व्हर्जिनियात एका गोऱ्या माणसाने आपलं घर काळ्या भाडेकरूला दिलं, त्याची बाजू घेतली आणि वसाहतीच्या संस्थेने या गोऱ्यालाच काढून टाकलं. आणि दुसरा मुद्दा अगदी साधा. शाळेत काय चाललंय हे सगळ्यात आधी शिक्षकाला आणि कोचला दिसतं. त्यांचंच तोंड बंद केलं तर बोलणार कोण?

विरोधी मत न्या. थॉमस यांचं : संसदेला सूडाबद्दल लिहायचं असतं तेव्हा ती लिहिते, दुसऱ्या कायद्यांत लिहिलंय, इथे नाही. नुसते शब्द धरून चाललं तर मुद्दा वजनदार आहे, वाचताना मी जरा डळमळलो. पण मग मला एन्स्लीच्या मुली आठवतात. पोरी चार वर्षांत शाळा सोडून जाणार. त्यांनी तक्रार करेपर्यंत त्या बाहेर. मागे राहतो तो कोच. ओ'कॉनरबाईंनी पुढे १ जुलै २००५ला निवृत्ती जाहीर केली. खटला थोडा उशिरा आला असता तर त्या चाराचं काय झालं असतं कोण जाणे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. सुप्रीम कोर्टाने जॅक्सनसर खरं बोलतात की खोटं हे ठरवलंच नाही. त्यांचं म्हणणं खरं धरलं तर दावा चालू शकतो का, एवढाच प्रश्न होता. पुरावे तपासायची पाळी पुढे आलीच नाही, २००६ मध्ये तडजोड झाली आणि सर पुन्हा मुलींचे कोच झाले, पण दुसऱ्या शाळेत. एन्स्ली हायस्कूल त्याच वर्षी बंद झालं.

तर हे सगळं मी रविवारी ताईला फोनवर सांगितलं. ती त्या पायऱ्यांवर बसलेल्यांपैकी एक, डावीकडून तिसरी. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमचा एक खांब हलायचा, आठवतंय? सरांनी दोनदा अर्ज दिला होता. मग एका रविवारी स्वतःच सिमेंट घेऊन आले." मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, मग कुणी काही बोललं नाही? तर म्हणाली, "तू होतास ना तिथे. तुमची नेट प्रॅक्टिस चालू होती."