दानपेटी आणि अक्षयनीवी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा कार्यकारिणीने आग्रह धरला. आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा बेताची, वाचन मात्र सोडले नाही. ज्या विषयावर आपल्या बैठका मोडतात त्यावरच, म्हणजे पैशावर लिहितो.

नागपूरच्या दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, परमपूज्य बाबासाहेबांनी भाषणात प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. म्हणजे शंभराला पाच रुपये. बावीस प्रतिज्ञा आपल्या पोरांना तोंडपाठ आहेत. हा विसावा भाग मात्र बापांच्या ध्यानात राहत नाही.

तरुण मंडळी विचारतात, दान ही भटजींचीच रीत नव्हे का? त्यांनी नाशिकला जाऊन त्रिरश्मी लेणी बघावीत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या भिक्खूसंघासाठी ३००० कार्षापण ठेवले, तेही गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे! एकीकडे २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० पाऊण टक्क्याने. आम्ही हिशेब करून पाहिला. दोन हजारांचे व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा सांगितले आहेत. वीस बारे दोनशेचाळीस, एक कवडी इकडेतिकडे नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही, नुसते व्याज वापरायचे. हीच अक्षयनीवी. हे सगळे निगमसभेत ऐकवले, फलकावर नोंदवले आणि वर दगडात कोरले. राजाच्या जावयाचा पैसा विणकरांच्या विश्वासावर राहिला, हे वाचून सूत काढणाऱ्या आम्हां माणसांची छाती फुगते.

आपल्या नेवाशातही १९५४ ते १९५६ मध्ये डॉ. सांकलियांच्या उत्खननात सातवाहनकाळची वस्ती निघाली. आणि पैसाच्या खांबावरचा लेख तरी कशाचा? अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. धर्म वेगळा, पण दान लिहून ठेवायची रीत तीच.

आता आमची चूक सांगतो. मागे विहाराच्या पत्र्यासाठी वर्गणी काढली, तेव्हा हिशेब आमच्याकडे होता. आम्ही तो सुट्या चिठ्ठ्यांवर ठेवला. पावसात निम्म्या भिजल्या. पैसा खाल्ला नाही, पण दाखवायला कागद नव्हता. पुढची दोन वर्षे पेटीत चिल्लर पडत होती, आणि आम्ही समाजालाच कंजूष म्हणत होतो! दोष समाजाचा नव्हता.

आता दाराशी फळा लावला आहे. दर पौर्णिमेला जमा, खर्च, शिल्लक लिहितो आणि वंदनेनंतर मोठ्याने वाचतो. वीज बिल आणि मुलांच्या अभ्यासिकेचा खर्च वेगळा दाखवतो. पहिल्याच पौर्णिमेला एक आजी काठी टेकत फळ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "माझं धा रुपयं कुठं हाय रं?" राहून गेले होते. खडू आणून त्यांच्यासमोर लिहिले.